अडवलेला माल

थेरगावच्या प्रार्थनेला हल्ली येऊ लागलेला नवा उपदेशक गरजला, "ज्याचा प्रभूवर पक्का विश्वास आहे, त्यानं औषधं सोडावीत!" सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. शांतवन मात्र हातात बायबल घेऊन उभा राहिला.

"हे वचन यात कुठं आहे, तेवढं सांगाल का?"

"देवाच्या अभिषिक्ताला तपासतोस? बस खाली! हा सैतानाचा आवाज आहे!"

सगळ्या माना वळल्या. त्याच्या बायकोनं, करुणानं, पदर तोंडाशी धरला. लेकीला मध्ये बसवून दोघं गाडीवरून घरी निघाली, तेव्हा कुठं करुणाला कंठ फुटला.

"अहो, भर सभेत विचारायची काय गरज होती?"

"अगं, चाकणच्या कारखान्यात रोज माल तपासतो मी. ज्याचं काम चोख असतं, तो स्वतःहून पुढं करतो, 'बघा' म्हणतो. 'माझं तपासू नका' म्हणून जो अंगावर येतो, त्याचा माल मी आधी अडवतो."

डांगे चौक आला तसा करुणानं त्याचा खांदा घट्ट धरला.

"गाडी मेडिकलपाशी घ्या," ती म्हणाली. "हिच्या फिटच्या गोळ्या मी मागच्याच रविवारी त्या उपदेशकांच्या पायाशी ठेवून आले."