तळपाय

चार दिवस डोंगर तुडवून झाले होते आणि उद्या सगळ्यात मोठा चढ होता, म्हणून पाचवा दिवस विश्रांतीचा. मुक्कामाच्या घराच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे पाय पसरून बसलो होतो. गटातल्या नर्सबाई एकेकाच्या टाचेवरचे फोड बघत होत्या. बँकेतले काका मलम लागायच्या आधीच ओरडत होते.

माझी पाळी आली. मी मोजे काढले. नर्सबाईंनी माझ्या तळव्यावरून बोट फिरवलं.

"चालत आलीस की कुणाच्या खांद्यावर बसून?"

सगळे हसले. माझे तळपाय मऊ होते, साधा ओरखडाही नव्हता. खरं तर चार दिवसांत पाय एकदाही दुखले नव्हते. त्याचं मला नवल वाटलं नव्हतं. हल्ली कशाचंच काही वाटत नाही.

दुपारी थोडी रेंज आली, तेव्हा घरी फोन लावला. आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. मी निघाल्यापासून वहिनीच तिचं सगळं करत होती.

"आई कशी आहे?"

"जेवतायत नीट." वहिनीने आवाज खाली आणला. "अगं, त्यांच्या टाचांना फोड आलेत. आणि बोटांच्या बेचक्यांत तांबडी माती. चार दिवस रोज संध्याकाळी पाय धुऊन देतेय. आज मात्र स्वच्छ आहेत."

मी समोरच्या तांबड्या पायवाटेकडे बघत राहिले.

"आणि सकाळपासून एकच विचारतायत."

"काय?"

"उद्या किती चढायचंय?"