हामागुरीवाल्यांचं घर

उभी चिरलेली नळी दोन पन्हाळींसारखी उघडली आणि करड्या गाळात शिंपला दिसला. नळीच्या अगदी टोकाशी होता. त्याच्यापलीकडे बोटभर फिकट पट्टा, की नळी संपली. तळ्याच्या गाळाचा अभ्यास करायला गावात आलेल्या मिनागावाबाईंनी मऊ कुंचल्यानं त्यावरचा चिखल झाडला. अर्धाच शिंपला, पण धड.

"हामागुरी!" तोकुइची ओरडला. "समुद्रातला शिंपला, आणि आमच्या तळ्यात! यासुए, अगं ए यासुए, इकडे ये!"

तळ्याच्या तळातून गाळाची नळी काढायला होडी तोकुइचीची होती, आणि ती चिरायला खोपही त्याचीच. जाळी बाजूला सारून त्यानं बाईंना टेबल मांडून दिलं होतं. त्याची बायको हात पुसत आली.

या गावात घराला आडनावाहून जुनं एक नाव असतं. तोकुइचीचं घर 'हामागुरीवाल्यांचं'. कुणी एक पूर्वज घरासमोरच्याच पाण्यातून हे शिंपले काढून विकायचा, असं घरात सांगत आले. पण तळं गोड्या पाण्याचं आणि समुद्र वाळूच्या टेकाडापलीकडे. म्हणून गावात थाप मारण्याला 'हामागुरी विकणं' म्हणतात. शाळेतली पोरंही म्हणतात. यासुए तर लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणते.

"कुठल्या टोकाला सापडला?" तिनं विचारलं.

"वरच्या." बाईंनी नळीवर लिहिलेलं अक्षर दाखवलं. "म्हणजे गाळ अलीकडचाच."

यासुए खळखळून हसली. "मग हा बाहुल्यांच्या सणाचा उष्टा शिंपला! बाजारातून आणायचे, सार करायचं, आणि शिंपले धक्क्यावरून पाण्यात. मी काय कमी फेकलेत? अहो, कदाचित माझाच असेल हा. ओळख पटवू का?"

तोकुइचीही हसला. मग पालथ्या खोक्यावर बसला.

"संध्याकाळी गावच्या सभागृहात सांगावं लागेल ना, सेन्सेई?" त्यानं बाईंना विचारलं.

"जे निघालं ते सांगायचं कबूल केलंय."

"सगळे म्हातारे पहिल्या रांगेत बसणार," तो म्हणाला. "बसू देत. आमच्या घराण्याला सवय आहे."

बाईंनी शिंपल्याशेजारचा सुईच्या टोकाएवढा गाळ काचपट्टीवर घेतला, पाण्याचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. डोळ्याला न दिसणारं शेवाळ असतं. त्याला काचेसारखं कवच असतं. शेवाळ मरतं, कवच गाळात राहतं. खाऱ्या पाण्यातलं एका घडणीचं, गोड्यातलं दुसऱ्या. बाईंनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"इथं सगळं खाऱ्या पाण्यातलं आहे."

"सार खारटच करते मी," यासुए म्हणाली.

"पण उष्ट्या शिंपल्याबरोबर समुद्र कसा येईल, यासुए-सान?"

त्यांनी नळीच्या दुसऱ्या टोकाचा गाळ घेतला. तिथलं शेवाळ गोड्या पाण्यातलं होतं.

"आज तळं गोडं, आणि वरचाच गाळ खारा. हे तर उलटं झालं." बाई थांबल्या. "उलटं," त्या पुन्हा म्हणाल्या, हळू आवाजात. "तोकुइची-सान, होडीत नळी आडवी ठेवून तिचे दोन तुकडे केले, तेव्हा या तुकड्यावर 'वर' तुम्ही लिहिलंत ना?"

"मीच. का, अक्षर लागत नाही?"

"कुठल्या टोकावर लिहिलंत?"

"तुम्ही म्हणालात, वरच्या टोकावर. म्हणून वरच्या वाडीकडे होतं त्या टोकावर लिहिलं. खालच्या वाडीकडच्या टोकावर काही लिहायला सांगितलं नव्हतंत."

या गावात 'वर' म्हणजे आभाळाकडे नाही. वर म्हणजे वरची वाडी.

बाईंनी उघडी पन्हाळ दोन्ही हातांनी उचलली आणि फिरवून ठेवली. त्याखालच्या गाळाचा दुसरा तुकडा त्यांनी आधीच चिरून ठेवला होता, आणि त्यावरची खूण त्यांची स्वतःची होती. त्याच्याही डोक्याशी एक फिकट पट्टा होता. त्याला हा तुकडा भिडवला. पट्ट्याला पट्टा लागला. तांदळाचं पीठ सांडावं तशी एकच रेघ झाली, मध्ये फक्त करवतीची खूण. आणि शिंपला आता वरच्या सगळ्या गाळाच्या तळाशी, त्या रेघेला टेकून होता.

"ही ज्वालामुखी डोंगराची राख," बाई म्हणाल्या. "डोंगर शेवटचा पेटला त्याला चार-पाचशे वर्षं झाली. शिंपला त्यानंतर लगेचचा. तेव्हा इथं खाडी होती. पुढं वाळूनं तिचं तोंड बुजलं आणि पाणी गोडं होत गेलं."

"म्हणजे आमच्या म्हाताऱ्यानं खरंच…"

"त्यांनी विकले की नाही, ते गाळ सांगत नाही." मग बाई हसल्या. "पण विकायला होते."

तोकुइचीनं बोट पुढं केलं. बाईंनी मान हलवल्यावर त्यानं शिंपल्याला आतल्या बाजूनं जरासा स्पर्श केला. आतून तो अजून गुळगुळीत होता.

यासुए पदराशी चाळा करावा तशी हातातलं फडकं पिळत उभी होती.

"मग आता गावानं थापेला म्हणायचं तरी काय?" शेवटी ती म्हणाली.

"थापेचं गाव बघून घेईल," तोकुइची म्हणाला. "पण कुणी घोळ घातला की उद्यापासून 'तोकुइचीचं वर' म्हणतील बघ." तो उठला, खांदे सरळ केले. "संध्याकाळी आधी माझा तो घोळच सांगा, सेन्सेई. मग शिंपला."