बारा पौंड जास्त

दर मे महिन्यात त्या इंग्लिश गावात आजी-माजी महापौरांना भर चौकात तराजूत बसवतात. वजन वाढलेलं निघालं, तर लोकांच्या पैशावर पोसला म्हणून गाव हुर्यो उडवतं.

“हेस्टर, यंदा राहू दे. चांगलंच बाळसं धरलंयस, उगाच शोभा होईल,” माजी महापौर क्लेमेंट हळूच म्हणाला.

“तुझ्या वेळी सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले होते. आता माझी पाळी,” म्हणत महापौर हेस्टर ताठ मानेने तराजूत बसली.

“गेल्या वर्षीपेक्षा बारा पौंड जास्त!” भालदार गरजला. चौक हुर्योने दणाणला.

हेस्टरने टोपी काढली. डोक्यावर आत्ता कुठे बोटभर केस उगवले होते.



“अजून मोठ्याने ओरडा रे! डॉक्टर म्हणाले होते, मी नाताळसुद्धा बघणार नाही!”