सरळ नदीचं वळण

“वळण नेमकं कुठून होतं, बाबा?” लेकीने तिसऱ्यांदा विचारलं.

बाबा फक्कीचा डबा छातीशी धरून माळावर उभे होते. समोर त्यांची नदी. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी तिची सगळी वळणं काढून तिला शिस्त लावली होती, आणि खात्याने खूश होऊन त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. घड्याळ अजून चालतं. नदीत मासा मात्र उरला नाही. सरळ झालेलं पाणी असं पळतं, की अंडी टिकतच नाहीत.

आता लेक त्याच खात्यात होती, वडिलांनी केलेलं निस्तरायला. मासे ज्या गोट्यांत अंडी घालत, ते जुन्या वळणाबरोबर या माळाच्या पोटात गाडले गेले होते. बरोबर जागी खणलं तर मासे परततील. चुकलं तर नुसता खड्डा. आणि जुने नकाशे, पुढे घोळ नको म्हणून, बाबांनीच रद्दीत घातले होते.

“साहेब, आजच काय ते सांगा,” पोकलेनवाला म्हणाला. “उद्या मशीन दुसरीकडे चाललंय. तिकडे एक नदी सरळ करायचीय.”

“चूक नव्हती ती,” बाबा म्हणाले.

“चूक कोण म्हणतंय? मी वळण विचारतेय.”

“आईवर गेलीस.”

वळणं काढण्याआधी, मोजणीच्या वर्षी, ते ही नदी रोज पायी तुडवत होते. त्यांनी डोळे मिटले आणि चालू लागले. सावकाश, डावीकडे कलत, झोपेत कूस बदलावी तसे. डब्याच्या भोकातून फक्की झिरपत होती. गवतावर पांढरी रेघ उमटत गेली. तिला कसलीच घाई नव्हती.

“जन्मभर पट्टी लावून काम केलं म्हणे साहेबांनी,” पोकलेनवाला पुटपुटला. “ही तर सांडल्यासारखी चाललीय.”

“सांडू दे,” लेक म्हणाली.

बाबा थांबले. डबा काखेत मारून त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढून हातात घेतल्या आणि चाचपत एक पाऊल पुढे टाकलं. लेक त्यांना धरायला धावली.

“तू काठावरच थांब,” ते डोळे न उघडता म्हणाले. “इथे डोह आहे.”

कोरड्या माळावर पोकलेनवाला दोन पावलं मागे सरला.