माईंचं पान

कावळा काही शिवत नव्हता.

बदलापूरच्या घाटावर माईंचं दहाव्याचं पान मांडून बराच वेळ झाला होता. वर पिंपळावर कावळे नुसते बसलेले. एक उतरला, पुरणपोळीभोवती फिरला आणि परत वर गेला. माईंची सून श्रद्धा खाली मान घालून उभी होती. जमलेले लोक आता पान सोडून तिच्याकडे बघायला लागले होते.

बघणारच हो! मयताच्या जेवणाची ऑर्डर घ्यायला उल्हासनगरात कुणी केटरर तयार होईना, तेव्हा या बाईने कॅम्प पाचमध्ये नेमका तोच धंदा मांडला. दहाव्याचं पान, तेराव्याचं जेवण. लोकांनी नाकं मुरडली. गाळेवाला शेठ म्हणाला, "मय्यत का धंदा? पागल है क्या?" आज तिचे टेम्पो अंबरनाथ-बदलापूर पालथं घालतात. आणि ख्याती काय, तर श्रद्धाच्या पानाला कावळा लगेच शिवतो.

त्यातली खरी गोम होत्या माई. ऑर्डरचा फोन त्याच घ्यायच्या. विचारायच्या, "कोण गेलं? त्यांना काय आवडायचं?" मग कुणाच्या पानावर सुका बोंबील जायचा, कुणाच्या पानाशी कटिंग चहा.

"जीव अडकलाय कशात तरी," दिनानाथ गुरुजी म्हणाले. "शब्द द्या काहीतरी."

माईंचा मुलगा महेश हात जोडून म्हणाला, "माई, धंदा नीट चालवू. घर सांभाळू." नातेवाइकांनीही काय काय कबूल केलं. कावळे ढिम्म. शेवटी गुरुजींनी सुस्कारा सोडला आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला.

"थांबा गुरुजी!" श्रद्धाचा आवाज चिरकला. तिच्या पानाला आजवर गवताचा कावळा लागला नव्हता, आणि तो माईंच्याच पानाला लागायचा? ती नवऱ्याकडे वळली. "अहो, माईंना काय आवडायचं?"

महेश गडबडला. "काय म्हणजे... सगळंच खायची की ती."

"पुरणपोळी?"

"खायची. उरली तर."

"एक काहीतरी सांगा ना!"

तो डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "सगळे जेवले की पातेल्याची खरवड काढून खायची बघ. ते मात्र रोज."

श्रद्धानेही ते रोजच पाहिलं होतं. पिंडांसाठी भात शिजवलेलं पातेलं पायरीवर पडलं होतं. तिने उलथन्याने तळाचा करपलेला भात खरवडला, पानाच्या कडेला ठेवला आणि मागे सरली.

कावळा लगेच उतरला. पुरणपोळीकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही.

"शिवला! शिवला!" लोकांनी हात जोडले, चपला शोधायला लागले. महेशने डोळे पुसले. "बघ, म्हटलं नव्हतं? आवडायचं तिला ते."

"आवडायचं नाही हो," श्रद्धा म्हणाली. "तेवढंच उरायचं."

तिच्या पर्समध्ये माईंचा फोन वाजला. अंबरनाथहून कुणीतरी रडवेल्या आवाजात पान सांगत होतं.

"कोण गेलं?" श्रद्धाने विचारलं.

"आई."

पुढचा प्रश्न तिला विचारवेना.