टोपलीत नसलेलं अक्षर

मास्तरांनी मातीची चकती उलटी केली आणि त्यांना हसू आलं. पुढे य कोरलेला. मागे केळं.

"हे काय ग? य ला केळं?"

"य केयाचा," झुंबर म्हणाली. आठ वर्षांची पोर, पण जराही अडखळली नाही.

बोदवडच्या शाळेच्या ओट्यावर ती आणि मास्तर समोरासमोर बसले होते, मध्ये चकत्यांची टोपली. झुंबरच्या आईने ओल्या मातीवर काडीने अक्षरं कोरली होती, मागे त्या त्या अक्षराची वस्तू काढली होती आणि चकत्या चुलीच्या आरात भाजल्या होत्या. टोपलीत हात घालायचा, निघेल ते अक्षर ओरडायचं आणि ती वस्तू घरातून धुंडून आणायची, असा खेळ. ख निघाला की खुरपं, स निघाला की सूप. त्यांच्या गावात शाळा नव्हती, म्हणून चुलीपुढेच शाळा. ती माउली स्वतः कधी शाळेची पायरी चढली नव्हती. माहेरी भावाच्या पाटीवरून जेवढं उचलता आलं तेवढं उचललं. मागल्या वर्षीच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत ती गेली. चार दिवसांत सगळं आटोपलं.

झुंबरचा बाप सुपडू ओट्याखाली उभा होता. टोपली डोक्यावर घेऊन तो तीन कोस चालत आला होता. अक्षरं पुरी येत असतील तर पोरीला थेट दुसरीत बसवतो, असं मास्तरांनी कबूल केलं होतं. मास्तर देशावरून नवीन आलेले, मुलींनाही शाळेत घेणारे. असा माणूस पुन्हा भेटायचा नाही, हे सुपडूला पक्कं ठाऊक होतं. आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. झुंबर एकही चकती चुकली नव्हती.

"केळं ळचं असतं," मास्तर म्हणाले आणि टोपली चाळू लागले. ह सापडला, ह च्या पुढचं अक्षर नाही. "ह्यात ळच नाही."

"तेच तं म्हनते ना पोरगी," सुपडू म्हणाला. त्याच्या कानाला य आणि ळ एकच.

मास्तरांचं हसू सरलं. "सुपडूभाऊ, आईने चुकीचं शिकवलंय हिला. शाळेला ही शाया वाचणार, डोळ्याला डोया. दुसरीत कसा निभाव लागायचा?"

सुपडू गरीब स्वभावाचा, चार माणसांत मान वर करून न बोलणारा. पण आता त्याचा आवाज चढला. "मास्तर, नाव घालायचं नसंल तं नका घालू. पन तिची माय चुकली, असं पोरीसमोर म्हनू नका. पोरीजवय तेवढंच तं उरलं हाये तिचं." आणि तो वाकून चकत्या टोपलीत भरू लागला.

खरं सांगायचं तर मास्तर ओशाळले. ह्या गावात येऊन त्यांना वर्ष होत आलं होतं आणि ळ त्यांनी ऐकला तो स्वतःच्याच तोंडून. घरात, शेतात, बाजारात जे अक्षर कोणाच्या जिभेवर नाही, ते त्या बाईने आणायचं कुठून?

"थांबा, सुपडूभाऊ. बसा जरा," ते म्हणाले. "त्यांचं नाव काय होतं?"

सुपडूने मान खाली घातली. त्याच्या घरी नवरा बायकोचं नाव घेत नसे. बारा वर्षांच्या संसारात त्यानेही घेतलं नव्हतं, सरणापाशी उभा असतानाही नाही. तो 'अवं' म्हणायचा आणि ती यायची.

"मंजुया," झुंबरने सांगितलं.

मास्तरांनी पाटी घेऊन मोठ्या अक्षरात नाव लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. "वाच बरं."

"मं," झुंबर म्हणाली. "जु." आणि थांबली. तिसऱ्या अक्षराचा काना तिने ओळखला, पण अक्षरावर बोट फिरवूनही ते तिला लागेना. "हे आमच्या टोपलीत नही."

"हाच तो ळ," मास्तर म्हणाले.

सुपडू पाटीकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण एवढं कळलं की बायकोने अख्ख्या घराची अक्षरं भाजून ठेवली आणि स्वतःच्या नावातलं तेवढं राहून गेलं. त्याला रडू आलं. मास्तरांसमोरच त्याने उपरण्याने डोळे पुसले.

"जीभ मागे वळव. टाळूला लाव आणि सोड," मास्तर झुंबरला सांगत होते.

"मंजुला."

"अजून मागे."

"मंजु... मंजुळा."

मास्तरांनी हजेरीचं पुस्तक ओढलं आणि तिचं नाव दुसरीत लिहिलं. य ची चकती त्यांनी केळ्यासकट टोपलीत ठेवून दिली.

परतीच्या वाटेवर कपाशीची शेतं लागली, तेव्हा झुंबर म्हणाली, "बाबा, आता तुमी म्हना."

मागेपुढे कोणी नाही असं पाहून सुपडू हळूच म्हणाला, "मंजुया."

"असं नही. जीभ मांगे घ्या."

त्याने पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच आलं. तीन कोसांत ते नाव त्याने किती वेळा घेतलं, कोण जाणे. एकदाही नीट आलं नाही. "अजून," झुंबर म्हणत होती, आणि तो घेत होता.