तिरकी रेघ

"आपल्याकडे पहिला कॉम्प्युटर कुठे आला?" इंदिराने पुन्हा विचारलं.

"एकलहऱ्याला?" वेणीमाधवराव चाचरत म्हणाले.

"अहो, एकलहऱ्याला वीजकेंद्राचा बॉयलर! कॉम्प्युटर सातपूरच्या कारखान्यात. खोलीभर मशीन होतं ते. किती वेळा सांगू?"

"आता नाही विसरणार. पुढचं विचार."

इंदिराला कळेना. अख्ख्या शहराला कॉम्प्युटर शिकवणारा हा माणूस, आणि आता त्याला साधी जागा सांगता येऊ नये!

आज संध्याकाळी शहरातलं संगणक मंडळ जीवनगौरव देणार होतं. शाल-श्रीफळ झालं की दोन शब्द बोलणं आलंच. जुने सहकारी असतील, नवी पोरं असतील. माइकसमोर हे असेच चाचरले तर? तोंडावर कुणी हसणार नाही, पण कीव करतील. नवऱ्याची कुणी कीव केलेली तिला सोसणार नव्हती.

गेल्या महिन्यात तर पंचवटीच्या भाजीबाजारात हे चक्क हरवले. ती मेथीची जुडी हातात घेऊन रामकुंडापाशी ताटकळत उभी. दिवेलागणीला सापडले, ते भर रस्त्यात तिचा हात धरून लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून दाराला वर एक कडी आली. तिचा हात तिथे पोचत नसे, पण तिने तक्रार केली नाही. त्यांच्यासाठीच होती ना ती.

मंडळाचे अध्यक्ष अब्बासभाई आमंत्रण द्यायला आले, तेव्हा सगळा वेळ तिच्याकडेच बघून बोलले. "मॅडम, यायचंच हं." यांची अवस्था बघून बिचारे संकोचले असतील, असं तिने मनाशी धरलं आणि त्यांच्या बशीत आणखी एक चकली वाढली.

"बरं, कार्डांचा गठ्ठा हातातून सांडला तर क्रम कसा लावायचा?"

त्या काळी प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा. एक कार्ड इकडचं तिकडे झालं की सगळी मेहनत पाण्यात.

वेणीमाधवरावांनी मान हलवली. "तूच सांग."

"गठ्ठ्याच्या कडेवर आधीच पेन्सिलीने तिरकी रेघ मारून ठेवायची. कार्डं विस्कटली की रेघ तुटते. ती जुळवत गेलं की क्रम आपोआप लागतो." बोलता बोलता तिचं बोट हवेत रेघ ओढून गेलं, जराही न थरथरता. ते बघतच राहिले.

"बघताय काय? म्हणा."

त्यांनी म्हटलं. चुकले. तिने पुन्हा म्हणवून घेतलं.

संध्याकाळी त्यांनीच कपाटातून तिची मोरपंखी पैठणी काढली.

"सत्कार तुमचा, आणि नटायचं मी?" ती हसली. ते काही हसले नाहीत.

सभागृहात पहिल्या रांगेत बसल्यावर तिने त्यांचा हात घट्ट धरला. "घाबरू नका. अडलात तर माझ्याकडे बघा."

अब्बासभाई माइकपाशी आले. "सातपूरच्या त्या खोलीत आम्हा सगळ्यांना बोट धरून शिकवलं. हे मंडळही त्यांनीच उभं केलं. हल्ली सगळं आठवत नाही त्यांना. म्हणून आज कुणी घाई करायची नाही. जे सांगतील, जेवढं सांगतील, तेवढं शांतपणे ऐकायचं."

इंदिराने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "उठा ना."

"आपल्या इंदिरा मॅडम!"

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. ती गोंधळून वेणीमाधवरावांकडे बघत राहिली. त्यांनी तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि ते तिच्या कानाशी वाकले.

"जा इंदू, ती तिरकी रेघ सांग त्यांना. मला नाही गं जमायचं. मी जन्मभर एकलहऱ्याला बॉयलरवर होतो."